डास दिन आणि मावशींचं बॅरल

२० ऑगस्ट, कोल्हापूर

आज जागतिक डास दिन, ग्रुपवर सकाळपासून रोनाल्ड रॉसचा फोटो फिरतोय. १८९७ ला याच तारखेला सिकंदराबादेत त्याला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू सापडला, १९०२ ला नोबेल मिळालं. ज्या मलेरियाच्या पेशंटला ते डास चावले त्या हुसेन खानाचं नाव कोण घेत नाही, डासामागं एक आणा मिळायचा म्हणे बिचाऱ्याला.

मला विचाराल तर रॉसपेक्षा कीटकशास्त्रज्ञ डॉ. व्ही. पी. शर्मा जास्त आपले वाटतात. डीडीटी या कीटकनाशकाच्या जोरावर १९६५ च्या आसपास देशातले मलेरियाचे पेशंट लाखावर उतरलेले, सगळ्यांना वाटलं संपला मलेरिया, आणि १९७६ ला आकडा ६४ लाखांवर! डास औषधाला दाद देईनात. मग हा कीटकशास्त्रज्ञ १९८३ ला गुजरातेत खेडा जिल्ह्यात गेला आणि फवारणीवर भिस्त न ठेवता खड्डे बुजवा, टाक्या झाका, डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा असलं काम गावकऱ्यांना धरून करत बसला, आता याला संशोधन म्हणायचं का असं तेव्हा कुणीतरी नक्कीच विचारलं असणार.

आज राजारामपुरीत घरोघरी डासांच्या अळ्या शोधायचा आमचा सर्व्हे होता. एका घरी मावशी बॅरलपुढं उभ्याच राहिल्या, "ओ दादा, कालच भरलंय, ओतू नगासा." मग पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन दाखवलं, अळ्या डोकं खाली करून लटकलेल्या, शेपटीकडची नळी तेवढी वर. मलेरियाच्या डासाची अळी पाण्यावर आडवी पडते, ही तशी नव्हती, म्हणजे बहुतेक एडिस, डेंग्यू पसरवणारा डास. मावशी म्हणाल्या, "ह्येच पाणी नातवाला घालतोय की आंघोळीला!" आणि स्वतःच बॅरल आडवं केलं, मी सांगायच्या आत.

नुसतं ओतून भागत नाही पण, एडिस अंडी घालतो पाण्याच्या काठाशी, बॅरलच्या आतल्या भिंतीला, ती कोरडी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात, म्हणून काथ्यानं खसाखसा घासायचं. फ्रिजच्या मागचा पाणी साचणारा ट्रे तर कुणाच्या ध्यानातच नसतो, तिथं मी हात घातला की लोक माझ्याकडं संशयानं बघतात.

उद्या कळंब्याकडं जायचंय, एका विहिरीत गप्पी सोडायचेत. मासे आणायला बादली कुणाची न्यायची यावरनं ऑफिसात अजून वाद चाललाय.