पोळ्यात सुचलेलं कॅमेऱ्याचं मागणं

आज गावच्या पोळ्यात तोरणाखाली झडत्या रंगल्या होत्या. काळ्या बैलाची झळाळी टिपावी तर मागचं आभाळ पांढरंफटक. आभाळ सांभाळावं तर बैलाचे डोळेच हरवतात. चांगला फुलफ्रेम सेन्सर, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा, काळोख ते उजेड हा फरक १४ स्टॉपच्या आसपास पकडतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), तरी इथे पुरत नाही. कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो जोडावेत, तर बैल थांबतोय कशाला!

मला असा सेन्सर हवा, ज्यात प्रत्येक पिक्सेल आपलं एक्स्पोजर, म्हणजे किती प्रकाश घ्यायचा ते, स्वतः ठरवेल. सोनी ए९ थ्री कॅमेऱ्याने २०२३ मध्ये फुलफ्रेमला ग्लोबल शटर, म्हणजे सगळे पिक्सेल एकाच क्षणी टिपणारं शटर, दिलंच ना, मग हेही होईल.

आणि कुत्री, मांजरी, पक्षी ओळखणाऱ्या ऑटोफोकसला आमचा बैलही शिकवा. फोकस शिंगांच्या बेगडीवर नको, गोंड्याआडच्या डोळ्यावर हवा. धूळ तर विचारूच नका, लेन्स बदलताना सेन्सर आपोआप झाकला जायला हवा, प्रत्येक कॅमेऱ्यात, स्वस्तातल्याही.