खाली तुमचं नाव टाकू ना

"बजेट" हा शब्द उच्चारायच्या आधी माणूस घसा खाकरतो. हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता नुसतं खाकरणं ऐकू आलं की पुढचं सगळं मला पाठ येतं. त्याच्या आधी माझ्या कामाचं कौतुक झालेलं असतं, म्हणजे साधंसुधं नाही, तुमची लाइनच वेगळी आहे हो, आमच्या टीममध्ये एकमताने तुमचंच नाव निघालं, आम्ही तर कधीपासून फॉलो करतो तुम्हाला. मी हरभऱ्याच्या झाडाच्या पार शेंड्यावर पाय हलवत बसलेली असते आणि मग ते खाकरणं येतं.. "मॅडम, यावेळी बजेट जरा टाइट आहे. पण खाली तुमचं नाव टाकू ना, टॅग पण करू, आमचे फॉलोअर्स बघा किती आहेत, एक्स्पोजर केवढं मिळेल तुम्हाला."

टाइट म्हणजे शून्य हे कळायला मला बरीच वर्षं लागली. मला वाटायचं टाइट म्हणजे थोडं कमी असेल.

मी चित्रं काढते. पुस्तकांची कव्हरं, पोस्टर, मधूनच कुणाचा लोगो, कुणाच्या लेखाला दोन स्केचेस, असं जे येईल ते, कुठे नोकरीला नाही त्यामुळे महिन्याच्या एक तारखेला माझ्या खात्यात आपोआप काहीच होत नाही. जे होतं ते कुणाच्या तरी मागे लागून होतं. हे फोन करणाऱ्याला माहीत नसतं असं नाही, पण त्याच्या डोक्यात मी एक अशी बाई असते जिला चित्रं काढण्यातच इतका आनंद मिळतो की पैशाचा विषय काढला तर तिचा अपमान होईल. तो स्वतः मात्र हा फोन ऑफिसातून, कामाच्या वेळेत करत असतो. म्हणजे मला फुकट काम सांगण्याच्या कामाचा त्याला पगार मिळतो, आणि हे सुचल्यापासून मला अशा फोनांवर मध्येच हसू फुटतं, मग समोरच्याला वाटतं जमतंय वाटतं.

सुरुवातीला मी हो म्हणायचे. खरंच वाटायचं की हे दार उघडेल, मग त्या दारातून लोक येतील. एका कार्यक्रमाचं पोस्टर केलं होतं, जीव ओतून, चार रात्री. छापून आल्यावर माझं नाव शोधायला मला माझंच पोस्टर वरून खाली तीनदा बघावं लागलं, ते डाव्या कोपऱ्यात उभं टाकलं होतं, मान वाकडी केली की दिसायचं. आणि मुळात पोस्टर बघणारा माणूस काय बघतो? तारीख, वेळ, ठिकाण, प्रवेश फुकट आहे का. चित्र कुणी काढलंय हे फक्त दुसरा चित्र काढणारा बघतो, आणि तो मला काम देणार नाहीये, तो बिचारा स्वतःच कुठल्या तरी पोस्टरच्या कोपऱ्यात उभा आहे.

टॅगची गोष्ट तर याहून भारी. एकदा एका पेजने ठरल्याप्रमाणे अगदी प्रामाणिकपणे टॅग केलं, फक्त माझ्या नावाला एक अक्षर कमी पडलं आणि टॅग गेला भलत्याच बाईला, ती व्यायामाचे व्हिडिओ टाकते. दोन दिवस त्या पोस्टखाली लोक तिचं कौतुक करत होते, क्या बात है, काय हात आहे तुमचा, आणि तीही बापडी प्रत्येकाला थँक्यू म्हणत होती! मी कळवलं तेव्हा पेजवाले म्हणाले सॉरी सॉरी, आत्ता बदलतो, पण तोवर पोस्ट खाली गेली होती आणि बघणाऱ्यांनी बघून झालं होतं. माझं एक्स्पोजर ती घेऊन गेली. तिच्यावर राग नाही माझा, तिला तरी कुठे त्यातून पैसे मिळाले असतील.

बरं, एक्स्पोजरमधून लोक येतच नाहीत असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. लोक येतात. पण ते काय म्हणत येतात हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. ते म्हणतात, "त्यांच्याकडून तुमचा नंबर मिळाला, त्यांना तुम्ही करून दिलं होतं ना, तसंच आम्हाला पण.." आता यातला "तसंच" हा शब्द चित्राबद्दल नसतो. माझ्या चित्राची नाही, माझ्या फुकटपणाची ख्याती पसरलेली असते, एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, ज्या वेगाने माझं एकही चांगलं काम कधी पसरलं नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे असं आपण म्हणतो, पण त्या भाकऱ्या निदान संपत असतील, लष्कर पुढे जात असेल. माझ्याकडे मागच्या पलटणीने पुढच्या पलटणीला पत्ता दिलेला असतो.

या बाबतीत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो संगीतकार मोझार्ट. हसू नका, त्याचं एक पत्र आहे. १३ नोव्हेंबर १७७७, मॅनहाइमहून वडिलांना लिहिलेलं. वय वर्षं २१, साल्झबुर्गची नोकरी सोडलेली, आईला बरोबर घेऊन गावोगाव दरबारांत वाजवत काम शोधत हिंडतोय, म्हणजे आजच्या भाषेत पक्का फ्रीलान्सर, आणि प्रवासाचा खर्च अंगावर. दरबारात वाजवलं, सगळे खूश झाले, आणि मानधन म्हणून मिळालं काय तर सोन्याचं घड्याळ. तो लिहितो की मला याच्यापेक्षा दहा कॅरोलिन (तिकडची सोन्याची नाणी) जास्त आवडले असते, प्रवासात लागतो तो पैसा, आणि आता माझ्याकडे पाच घड्याळं झालीयेत. म्हणून तो गंभीरपणे विचार करतोय की पॅन्टच्या दोन्ही पायांना घड्याळासाठी एकेक जादा खिसा शिवून घ्यावा, आणि कुठल्या बड्या माणसाकडे जाताना दोन दोन घड्याळं लावून जावं, म्हणजे आणखी एक घड्याळ द्यायचं त्याच्या डोक्यात येणार नाही.

हे वाचल्यावर मी लॅपटॉपवर "घड्याळं" नावाचा एक फोल्डर केला. फुकट केलेली सगळी कामं त्यात टाकली. पाचाच्या बरीच पुढे गेली. आणि मोझार्टचं घड्याळ निदान सोन्याचं होतं, अगदीच वेळ आली तर विकता आलं असतं, मी टॅग कुणाला विकू?

दुसरा एक युक्तिवाद असतो तो वेळेचा. "तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम आहे." हे ऐकलं की मला व्हिस्लर आठवतो. या चित्रकाराने रात्रीच्या आकाशातल्या आतषबाजीचं एक चित्र काढलं, किंमत लावली २०० गिनी (गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त), आणि १८७७ मध्ये रस्किन नावाच्या त्या काळच्या फार मोठ्या समीक्षकाने छापलं की हा रंगाचा डबा लोकांच्या तोंडावर भिरकावण्याचे २०० गिनी मागतो. व्हिस्लर गेला कोर्टात. तिथे उलटतपासणीत वकिलाने विचारलं, चित्राला किती वेळ लागला, तर उत्तर साधारण दोन दिवस असं निघालं. मग दोन दिवसांच्या मेहनतीचे २०० गिनी? त्यावर तो म्हणाला की नाही, आयुष्यभर काम करून जे कळलं त्याचे. हे वाक्य सगळीकडे सांगतात. कोर्टात कौतुक झालं म्हणतात त्याचं. पण पुढचं फारसं कुणी सांगत नाही, की १८७८ मध्ये तो खटला जिंकला आणि भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, खर्च ज्याचा त्याने सोसायचा, आणि पुढच्याच वर्षी त्याचं दिवाळं निघालं. त्यामुळे मी ते वाक्य फोनवर अजून कुणाला ऐकवलेलं नाही. एकदोनदा अगदी जिभेवर आलं होतं.

पाच मिनिटांत खरं म्हणजे काय होतं? ब्रीफ, म्हणजे नेमकं काय हवंय त्याची माहिती, वाचून होतं. तेही ब्रीफ लिहिलेलं असलं तर, फुकटच्या कामाला ब्रीफ नसतंच, तीन व्हॉइस नोट असतात आणि त्यातल्या एकीत मागे कुकरची शिट्टी. मग रेफरन्स गोळा करणं, तीन रफ, त्यातला एक निवडला जातो आणि दुसऱ्याचे रंग त्यात मागितले जातात, मग करेक्शन. आणि हे मी अनुभवाने सांगते की सगळ्यात जास्त करेक्शन फुकटवाल्याचीच असतात. पैसे देणारा माणूस दोन करेक्शन ठरलीयेत म्हटलं की दोन करतो, तिसरं पाठवायच्या आधी विचार करतो की याचे वेगळे पडतील. फुकटवाल्याला थांबवायला मध्ये काहीच नसतं. फायनल झालं, फायनल फायनल झालं, फायनल नवीन झालं, तरी रात्री साडेअकराला मेसेज, "ताई, अजून थोडं पॉप होईल का?" (मॅडमची ताई झाली की समजायचं, आता काही मिळत नाही.)

आणि मग शेवटी ओपन फाइल, म्हणजे हवे ते बदल करता येतील अशी मूळ फाइल, मागतात. हक्काने. आवळा देऊन कोहळा काढणे ठीक आहे, इथे आवळ्याचा नुसता फोटो दाखवलेला असतो. मी फुकट काढलेल्या चित्राचा कॉपीराइट काढल्या क्षणापासून माझा असतो, त्यासाठी कुठे नोंदणी करावी लागत नाही, कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात १९०८ पासून तसं आहे आणि जगातले बहुतेक देश त्यात आहेत. फुकट दिलं म्हणजे वापरायला दिलं, विकलं नाही. पण हे सांगितलं की समोरचा एकदम दुखावतो, की अहो आपल्यात असं कुठे आलं आता कॉपीराइट वगैरे. पैशाच्या वेळी मी व्यावसायिक असते म्हणून माझ्या करिअरचा विचार करून एक्स्पोजर देतात आणि हक्काच्या वेळी मी घरची होते!

स्पर्धा हा याच घराण्यातला जरा शिकलेला भाऊ. लोगो स्पर्धा, शंभर जणांनी पाठवा, एकाला बक्षीस. साधा हिशोब करा, प्रत्येकाने नुसते आठ तास घातले तरी आठशे तास झाले, आणि त्यातले सातशे ब्याण्णव तास कुणीतरी कुणालातरी फुकट दिले. त्यातून नियम क्रमांक अमुकमध्ये बारीक अक्षरात असतं की आलेल्या सगळ्या डिझाइन्स आयोजकांच्या मालकीच्या. मी एकदा भाग घेतला होता. हरले. पुढचं बोलत नाही.

न्यूयॉर्क शहरात मे २०१७ पासून फ्रीलान्सरसाठी एक कायदा आहे, ८०० डॉलर किंवा त्याच्या वरचं काम असेल तर करार लेखी पाहिजे, आणि पैशाची तारीख ठरलेली नसेल तर काम झाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे. वाचून बरं वाटलं, पण कायद्याला काहीतरी ठरलेलं लागतं, आणि आपण तर स्वतः "हो चालेल" म्हणून मोकळे झालेलो असतो. हे हो चालेल कुठून येतं याचा मी खूप विचार केलाय. पैसे मागायची लाज, हे एक. पण त्याहून खरं म्हणजे मला कौतुक हवं असतं. त्या फोनवरच्या पहिल्या चार वाक्यांसाठी मी पाचवं वाक्य ऐकून घेते, आणि हे त्या माणसाला माहीत आहे, म्हणून तर तो आधी ती चार वाक्यं बोलतो.

आता मी एक करते. फुकट काम अजूनही करते, पण मी निवडलेलं, मित्रमैत्रिणीचं किंवा ज्या कामावर जीव आहे त्याचं, आणि त्याचंही पूर्ण बिल पाठवते. पूर्ण रक्कम लिहायची, खाली सूट शंभर टक्के, एकूण शून्य. ही युक्ती बऱ्याच डिझायनरांची आहे, माझी नाही. उद्देश असा की कामाची किंमत किती होती ते समोरच्याला दिसावं. पहिलं असं बिल पाठवलं त्याला लगेच उत्तर आलं, "वा, छान! याच रेटमध्ये अजून दोन होतील का?"

हे सगळं मी अशा थाटात लिहितेय की जणू मी त्यातली नाहीच. गेल्या आठवड्यात मला माझ्या एका रीलसाठी म्युझिक हवं होतं, चित्र काढतानाचा व्हिडिओ, तीस सेकंदांचा. माझा एक मित्र म्युझिक करतो, तोही माझ्यासारखाच, कुठे नोकरीला नाही. त्याला मेसेज लिहायला घेतला. आधी लिहिलं की तुझं ते मागचं काम मी अजून लूपवर ऐकते, जे खरं आहे. मग लिहिलं की छोटंसंच हवंय रे, तीस सेकंद फक्त, तुला काय पाच मिनिटांचं. मग लिहिलं की माझी रील बऱ्यापैकी चालतात, तुला पण रीच मिळेल, खाली तुझं नाव टाकते ना..

इथे मी थांबले. आणि खरं सांगते, लिहिताना मी घसापण खाकरला होता, एकटीच बसलेली असताना.

सगळं खोडलं. परत लिहिलं, परत खोडलं, शेवटी एवढंच पाठवलं की तीस सेकंदांचं म्युझिक हवंय, किती घेशील.

त्याचा लगेच रिप्लाय आला. "सांगतो. पण दहा मिनिटं नुसतं टायपिंग टायपिंग दिसत होतं, काय खोडलंस?"