गरम झाली की बंद पडते : कार्ब्युरेटर उघडायच्या आधी हे बघा

आमची गाडी १९६७ची मॉरिस मायनर. बाबांनी चालवली, आता मी चालवते आणि मीच सांभाळते. इंजिन १०९८ सीसीचं, एसयू कंपनीचा एकच कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), पॉईंटवालं डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग; पॉईंट म्हणजे त्यातली उघडझाप करणारी छोटी स्विच), अल्टरनेटर नाही तर डायनॅमो, आणि अर्थिंग उलटं म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला लावलेला. हे उलटं अर्थिंग आधीच सांगते कारण अशा गाडीवर काम करताना पहिल्यांदा तेच डोक्यात पक्कं बसवावं लागतं, नाहीतर बॅटरी बदलताना सवयीने मायनस बॉडीला लागतो आणि पुढचं नुकसान निस्तरत बसावं लागतं.

तर झालं असं की गाडी थंड असताना पहिल्या सेल्फला चालू व्हायची, मस्त पळायची, आणि साधारण वीस मिनिटांनी झटके द्यायला लागायची. मग दोन-तीन मोठे आचके आणि बंद. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की परत चालू, जणू काही झालंच नव्हतं. पुन्हा वीस मिनिटं आणि पुन्हा तेच. जुन्या गाडीवाल्यांना हे दुखणं नवीन नाही, आणि ज्याला विचारावं तो एकच सांगतो की पेट्रोलची पाईपमध्ये वाफ होतेय. मलाही ते पटलं, कारण गरम झाल्यावरच होतंय म्हणजे वाफच असणार. मग मी तीन रविवार त्यात घातले. फ्लोट चेंबर (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल साठणारं भांडं) उघडून साफ केला, फ्लोटची नीडल बदलली, पेट्रोलची पाईप एक्झॉस्टपासून लांब सरकवून तिच्यावर उष्णता अडवणारं आवरण चढवलं, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं आहे का तेही बघितलं. गाडी वीस मिनिटांनी बंद पडतच राहिली.

शेवटी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, बंद पडल्या पडल्या ठिणगी बघितलीस का?" बघितली नव्हती. मी दर वेळी गाडी थंड व्हायची वाट बघत बसायचे आणि थंड झाली की सगळं ठीकच दिसायचं. गरम असताना जो बिघाड होतो तो गरम असतानाच पकडावा लागतो, आणि त्यासाठी हातात दोनच मिनिटं असतात म्हणून तयारी आधीच करून निघायचं.

पुढच्या खेपेला मी एक जादा स्पार्क प्लग बरोबर घेतला, त्याच्या लोखंडी अंगाला क्लिपवाली वायर लावून ठेवली आणि एक साधा बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प घेतला. गाडी बंद पडली तशी बाजूला घेतली. इग्निशन चालू केलं तर पेट्रोल पंप टक टक टक वाजला आणि शांत झाला. या गाडीत एसयूचा इलेक्ट्रिक पंप असतो आणि त्याचा आवाज ऐकून बरंच कळतं. काही टकटकी होऊन थांबला म्हणजे फ्लोट चेंबर भरला, सगळं ठीक. न थांबता भराभर वाजत राहिला तर टाकी रिकामी आहे किंवा पंप कुठून तरी हवा ओढतोय. अजिबात वाजलाच नाही तर पंपाचे आतले पॉईंट चिकटलेत, हलकी टपली मारून बघायची. माझा पंप व्यवस्थित होता, म्हणजे पेट्रोल येत होतं. मग कॉइलची (बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करणाऱ्या भागाची) मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून जादा प्लगला लावली, क्लिप इंजिनला अर्थ केली, प्लग पेट्रोलपासून लांब ठेवला आणि सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी अगदी बारीक, पिवळट, मधूनच गायब. तीन रविवार मी चुकीच्या बाजूला काम करत होते.

ठिणगी निळी-पांढरी, टप्पोरी आणि तडतड आवाज करणारी असली पाहिजे. पिवळी मरतुकडी ठिणगी दिसली की पॉईंट, कंडेन्सर किंवा कॉइल यातलं काहीतरी आहे असं धरायचं. डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून पॉईंट उघडताना बघितले तर त्यांच्यात निळसर चाप (फटीतून उडणारी ठिणगी) उठत होता. हे दिसलं की संशय सरळ कंडेन्सरवर जातो.

कंडेन्सर म्हणजे बोटाच्या पेराएवढा डबा आणि एक वायर, पण त्याचं काम समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. पॉईंट बंद असताना कॉइलच्या आतल्या जाड तारेतून करंट वाहतो आणि चुंबकत्व तयार होतं. पॉईंट उघडले की तो करंट एकदम तुटला पाहिजे, जितका झटकन तुटेल तितकं बारीक तारेच्या वेढ्यात हजारो व्होल्ट उठतात आणि प्लगवर ठिणगी पडते. पण वाहत्या करंटला थांबायचं नसतं, तो उघडणाऱ्या फटीवरून उडी मारायला बघतो. कंडेन्सर त्या क्षणी तो करंट स्वतःत घेतो आणि फटीत चाप होऊ देत नाही. कंडेन्सर कमजोर झाला की पॉईंट जळतात आणि ठिणगी मरते. चार सिलिंडरच्या इंजिनात ३००० आरपीएमला सेकंदाला १०० ठिणग्या पडतात, म्हणजे सेकंदाला १०० वेळा हे सगळं बिनचूक व्हावं लागतं. आणि कंडेन्सर बसलेला असतो तापलेल्या इंजिनाला चिकटून. आतलं जोडकाम ढिलं असेल तर थंड असताना चालतो, तापला की सोडून देतो.

घरी आल्यावर मी तो काढला आणि मल्टिमीटरच्या कपॅसिटन्सच्या सेटिंगवर तपासला. थंड असताना ०.२ मायक्रोफॅरडच्या आसपास, म्हणजे जितका हवा तितकाच. मग केस वाळवायच्या ड्रायरने त्याच्यावर गरम हवा सोडली. काही मिनिटांतच आकडा नाचायला लागला आणि मग पार पडला, गार केल्यावर परत जागेवर आला. मला इतका आनंद झाला की मी तो प्रयोग परत परत केला. सगळ्यात वाईट याचं वाटलं की हा कंडेन्सर नवा होता, सर्व्हिसिंग करताना मीच "जुना कशाला ठेवायचा" म्हणून बदलला होता. जुना काढलेला डब्यात पडून होता, तोच परत बसवला आणि त्यानंतर गाडी दोन-दोन तास सलग चालली, एकदाही बंद पडली नाही. तेव्हापासून चालू असलेला जुना पार्ट मी फेकत नाही, पुसून, चिठ्ठी लावून ठेवते. नवा पार्ट म्हणजे चांगला पार्ट हे जुन्या गाड्यांच्या बाबतीत खरं नाही, विशेषतः कंडेन्सर आणि रोटर (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून एकेका प्लगकडे ठिणगी पाठवणारा भाग).

असाच प्रॉब्लेम असेल तर आणखी एक जागा बघायची, ती बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. डिस्ट्रिब्युटरच्या आत बाहेरच्या टर्मिनलपासून पॉईंटपर्यंत एक छोटी मऊ वायर असते. व्हॅक्युम ॲडव्हान्समुळे (इंजिनच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढेमागे करणारी रचना) पॉईंटची प्लेट सारखी मागेपुढे फिरते, वायर तिच्याबरोबर वाकत राहते आणि वर्षानुवर्षांनी वरून धड दिसणाऱ्या आवरणाच्या आत तुटते. मग गाडी जागेवर छान चालते आणि ॲक्सिलरेटर दिला की मिसिंग. यासाठी टेस्ट लॅम्प कामाला येतो. एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरं अर्थला, आणि सेल्फ मारायचा. पॉईंट उघडले की लॅम्प लागतो, बंद झाले की विझतो, म्हणजे उघडझाप झाली पाहिजे. लॅम्प लागूनच राहिला तर पॉईंट मिटत नाहीयेत, किंवा कचरा आहे, किंवा ती वायर तुटलीय. लागतच नसेल तर कॉइलला सप्लाय नाही किंवा पॉईंटकडची बाजू कुठेतरी बॉडीला टेकलीय. पॉईंट बसवताना प्लास्टिकचे छोटे वॉशर उलटसुलट लावले की हमखास असं होतं.

आता ट्यूनिंगचं. याला क्रम आहे आणि तो मोडला की दिवसभर गोल गोल फिरत राहतो. आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉईंट, मग टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), आणि सगळ्यात शेवटी कार्ब्युरेटर. पॉईंट टायमिंगच्या आधी का, तर पॉईंटची फट बदलली की ते उघडायची वेळ बदलते, म्हणजे टायमिंगच सरकतं. फट वाढली की टायमिंग पुढे, कमी झाली की मागे. या गाडीत पॉईंट ०.३८ मिमी आणि प्लग ०.६ मिमीच्या थोडं वर, फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आणि रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. नवे पॉईंट टाकले तर काहीशे किलोमीटरनंतर फट परत मोजायचीच, कारण कॅमवर घासणारी टाच सुरुवातीला झिजते. कॅमला ग्रीसचा अगदी बारीक ठिपका लावायचा, जास्त लावलं तर उडून पॉईंटवर बसतं.

टॅपेट इंजिन थंड असताना ०.३० मिमी. या इंजिनाला नऊचा हिशोब चालतो आणि तो मला फार आवडतो. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला गेला की पहिल्याची फट सेट करायची, सातवा दाबला की दुसऱ्याची, सहावा दाबला की तिसऱ्याची, बेरीज नेहमी नऊ. प्लग काढून ठेवले की इंजिन हाताने सहज फिरतं.

एसयू कार्ब्युरेटरला लोक उगाच घाबरतात. आत एक पिस्टन, त्याला लोंबणारी निमुळती नीडल आणि खाली जेट, बस. इंजिन जितकी हवा ओढतं तितका पिस्टन वर जातो, नीडल वर आली की जेटची वाट मोठी होते. वरच्या डॅशपॉटमध्ये पातळ ऑईल असतं, त्यामुळे पिस्टन एकदम उडी मारत नाही. ते संपलं की ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर गळपटते, आणि लोक अख्खा कार्ब्युरेटर खोलून बसतात. मिक्श्चर बघायला गरम इंजिन आयडलवर ठेवून पिस्टन एक मिमीपेक्षाही कमी उचलायचा. आरपीएम वाढून वाढलेलेच राहिले तर मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), इंजिन मरायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी), किंचित वाढून परत जागेवर आले तर बरोबर. जेटखालचा नट एका वेळी एकच पैलू फिरवायचा, वर नेला की लीन, खाली आणला की रिच. मध्ये हवा फिल्टर बदलला असेल तर हे परत बघावं लागतं.

अर्थिंगकडे मात्र सगळ्यांनीच लक्ष द्या. इंजिन रबरच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याला बॉडीशी जोडणारी एकच पट्टी असते. ती गंजली की सेल्फ मलूल होतो, आणि करंट दुसरी वाट शोधत चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो, ती केबल हात भाजेल इतकी तापते. मल्टिमीटरचं एक टोक इंजिनला, दुसरं बॅटरीच्या अर्थच्या बाजूच्या खुंटीलाच लावा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर पट्टी काढून दोन्ही टोकं चकचकीत घासून बसवा. बॅटरी चांगली चार्ज असेल तर गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. डायनॅमोवाल्या गाडीत आयडलला चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला तर घाबरू नका, आरपीएम वाढवल्यावर विझला पाहिजे.

पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते खातं. नळी बाहेरून ठीक दिसते आणि आतून सुटत जाते, ते काळे कण फ्लोट नीडलखाली अडकतात. वाकवून बघा, भेगा दिसल्या की इथेनॉल सहन करणारी नळी घ्या आणि पूर्ण लांबीची बदला. गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ठिबकणं हा "पुढच्या आठवड्यात बघू" असा विषय नाही.

ब्रेकवर मी हात आखडता घेत नाही. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं म्हणून दर दोन वर्षांनी सगळं बदलते. मायनरचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फ्लोअरच्या खाली असतो, कार्पेट उचलून बूच काढल्याशिवाय ऑईल दिसत नाही, त्यामुळे तो विसरला जातो. ड्रम उघडल्यावर धूळ फुंकायची नाही आणि हवाही मारायची नाही, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. स्टँड लावा, गाडी हाताने हलवून बघा, मगच खाली जा.

गाडीत आता मी एक डबा ठेवते. त्यात तपासलेला कंडेन्सर, पॉईंट, रोटर, क्लिपवाला प्लग, टेस्ट लॅम्प, फीलर गेज (फट मोजायच्या पात्या). आणि एक वही, जिच्यात काय बदललं, किती किलोमीटरला, आणि का बदललं ते लिहिते, एका दिवशी एकच गोष्ट. त्या वहीमुळेच लक्षात आलं की बंद पडणं कंडेन्सर बदलल्यानंतरच सुरू झालं होतं, फक्त मी ते पान उलटायला तीन आठवडे लावले. या रविवारी पुढच्या ट्रनियनला (पुढचं चाक वळतं त्या सांध्याला) ग्रीस मारायचंय, डावीकडच्या खालच्या निपलमधून ग्रीस आत जातच नाहीये. निपल काढून आतलं सुकलेलं ग्रीस तापवून बाहेर काढता येतं का ते बघते.