डेश्यूट्सवर दोन हातांचा रॉड
ऑरेगॉनच्या खालच्या डेश्यूट्स नदीत बोटीत बसून मासेमारीला बंदी आहे. पाण्यात किंवा काठावर उभं राहूनच गळ टाकायचा. पाठीशी आल्डरची झाडं, लाइन (गळाची दोरी) मागे फेकायला जागाच नाही. म्हणून दोन हातांचा फ्लाय रॉड (कृत्रिम माशीचा गळ टाकायची लांब काठी) घ्यायचं ठरवलं; त्याने लाइन पूर्ण मागे न फेकताही पुढे टाकता येते.

आधी १३ फुटी, सात नंबरचा (नंबर मोठा, तितका रॉड दणकट) हातात घेतला. स्टीलहेडसाठी (समुद्रात जाऊन नदीत परतणारा मोठा ट्राउट मासा) उत्तम, पण नदीतच राहणाऱ्या १४ इंची रेडबँड ट्राउटला तो जेमतेम वाकेल! मग ११ फुटी, तीन नंबरचा घेतला. खरा जोर खालच्या हाताचा: मूठ पोटाकडे ओढायची. हे अंगवळणी पडायला चार रविवार लागले.

काल संध्याकाळी सॉफ्ट हॅकल (मऊ पिसांची कृत्रिम माशी) प्रवाहात आडवी झुलत किनाऱ्याकडे आली, लाइन ताणली, आणि बोटांखाली रॉडचं कॉर्क थरथरलं.