‘मॅस्कॉट्स’ : साचा तोच, पण चेहरे झाकलेले

विनोदी चित्रपटांचे दिग्दर्शक आणि नट ख्रिस्तोफर गेस्ट यांच्या चित्रपटांवर माझे मनापासून प्रेम आहे, आणि म्हणूनच २०१६ साली नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘मॅस्कॉट्स’बद्दल जरा सविस्तर लिहावेसे वाटते. खेळांच्या मैदानावर मोठमोठे मुखवटे आणि अंगभर पोशाख चढवून प्रेक्षकांना चेतवणाऱ्या शुभंकरांची एक जागतिक स्पर्धा भरते, निरनिराळ्या गावांतून स्पर्धक येतात, आपापली स्वप्ने आणि भांडणे कॅमेऱ्यासमोर उघड करतात आणि शेवटी ‘गोल्ड फ्लफी’ या पारितोषिकासाठी झुंजतात, एवढेच या खोट्या माहितीपटाचे, म्हणजे माहितीपटाच्या धाटणीत रचलेल्या काल्पनिक चित्रपटाचे, कथानक आहे.

गेस्ट यांचे जुने चित्रपट पाहिलेल्यांना हा आराखडा तोंडपाठ असेल. ‘वेटिंग फॉर गफमन’मध्ये मिसुरीतल्या एका लहानशा गावाच्या दीडशेव्या वर्धापनदिनाचे संगीत नाटक होते, ‘बेस्ट इन शो’मध्ये (२०००) फिलाडेल्फियातले श्वानप्रदर्शन होते आणि ‘अ मायटी विंड’मध्ये (२००३) जुन्या लोकगायकांची न्यूयॉर्कमधली स्मृतिमैफल होती. बाहेरच्या जगाला क्षुल्लक वाटणाऱ्या एखाद्या छंदासाठी जीव टाकणारी माणसे, त्यांच्या मुलाखती आणि सगळ्यांना एकत्र आणणारा शेवटचा सोहळा ही मांडणी प्रत्येक वेळी कायम राहते. काम करण्याची पद्धतही ठरलेली आहे. पात्रांचा पूर्वेतिहास आणि प्रत्येक प्रसंगात काय घडायचे हे कागदावर असते, संवाद मात्र नट कॅमेऱ्यापुढे जागच्या जागी रचतात आणि मग त्या ढीगभर चित्रीकरणातून संकलनाच्या टेबलावर चित्रपट घडवला जातो.

दिग्दर्शकाने आपलाच साचा पुन्हा वापरला म्हणून त्याच्यावर टीका करणे मला पटत नाही. ‘अ मायटी विंड’मधला मिच आणि मिकी यांचा प्रसंग आठवून पाहावा. एके काळी हे दोघे गायक प्रेमात होते आणि त्यांच्या गाजलेल्या गाण्यात ज्या जागी ते एकमेकांचे चुंबन घेत असत, ती जागा मैफलीत जवळ येऊ लागते, तेव्हा इतर कलाकारही पडद्याआड गोळा होऊन श्वास रोखून पाहत राहतात. युजीन लेव्ही आणि कॅथरीन ओ’हारा यांच्या चेहऱ्यांवर त्या काही क्षणांत जे उमटते, त्याने हसता हसता गळा दाटून येतो. साचा तोच होता, पण त्या दोन माणसांचे खरोखर काहीतरी पणाला लागले होते.

‘मॅस्कॉट्स’मध्ये नेमके हेच पणाला लागणे विरळ झाले आहे. लेव्ही आणि ओ’हारा दोघेही यात नाहीत, आणि आधीच्या चित्रपटांचे सहलेखक असलेल्या लेव्ही यांच्या जागी येथे जिम पिडॉक आहेत. पण माझ्या मते खरी अडचण विषयातच दडलेली आहे. गेस्ट यांची सगळी पद्धत नटाच्या चेहऱ्यावर आणि बोलण्यावर उभी आहे; वाक्य बोलून झाल्यावर डोळ्यांत दिसणारी क्षणभराची चलबिचल हीच त्यांच्या विनोदाची जान आहे. शुभंकर मात्र मुका असतो आणि त्याचा चेहरा झाकलेला असतो. त्यामुळे हा चित्रपट दुभंगतो. अर्ध्या भागात माणसे बोलत राहतात आणि उरलेल्या भागात मुखवटे नाचतात, पण बोलणाऱ्या माणसाचे दुःख नाचणाऱ्या मुखवट्यापर्यंत फारसे पोहोचत नाही. झॅक वुड्स आणि सारा बेकर यांनी साकारलेल्या दांपत्याचा संसार कॅमेऱ्यासमोर विसकटत जातो, आणि दोघेही नट उत्तम आहेत, पण लेखनाने त्यांना पुरेशी जागा दिलेली नाही.

‘गफमन’मधल्या नाटकाचा दिग्दर्शक कॉर्की सेंट क्लेअर येथे पार्कर पोझी यांच्या पात्राचा प्रशिक्षक म्हणून परततो. गेस्ट स्वतःच ही भूमिका करत असल्यामुळे जुन्या प्रेक्षकाला आनंद होतो खरा, पण त्या ओळखीपलीकडे कॉर्कीला येथे काही काम नाही. ग्लूटेनमुक्त आहाराला वाहिलेल्या दूरचित्रवाणी वाहिनीचे अधिकारी स्पर्धा पाहायला येतात, तो भागही एका विनोदापुरताच राहतो.

याला ठळक अपवाद म्हणजे टॉम बेनेट यांचा ओवेन गॉली. इंग्लंडमधल्या एका फुटबॉल संघाचा ‘सिड’ नावाचा काटेरी प्राणी घराण्याच्या वारशाने त्याच्याकडे आला आहे, आणि आधी तोच पोशाख घातलेल्या वडिलांना (ही भूमिका पिडॉक यांचीच) मुलाचे काही केल्या पसंत पडत नाही. बापाचा शब्द झेलतानाचा बेनेट यांचा तो नम्र, गोंधळलेला चेहरा पाहिला की पुढे पोशाखात शिरलेल्या सिडच्या प्रत्येक हालचालीला अर्थ येतो. चित्रपटात एवढ्या एकाच ठिकाणी मुखवट्याआतला माणूस मला सतत दिसत राहिला. इतर स्पर्धकांची संख्या कमी करून या बापलेकांना आणखी वेळ दिला असता, तर ‘मॅस्कॉट्स’ मी ‘बेस्ट इन शो’च्या शेजारी ठेवला असता.