आमची वाटचाल: शिरोली ते मेक्सिको

वडिलांनी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका जुन्या लेथवर जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांचं काम करून देणं, सुरू केलं. पुढे पुण्याच्या वाहन कारखान्यांसाठी कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशीनिंग करू लागलो, व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशीनिंगची यंत्रं) आल्या, आणि त्याच ओळखीतून मेक्सिकोची पहिली चौकशी आली. आज आमच्या निर्यातीतला मोठा वाटा तिकडेच जातो. हे कसं जमलं, असं नवे उद्योजक विचारतात. दर आणि दर्जा लागतोच. पण तिथल्या माणसांच्या रीतीभाती आम्ही मनापासून पाळल्या, म्हणून टिकलो असं मला वाटतं.

आमचे ग्राहक मध्य मेक्सिकोतल्या बाहिओ पट्ट्यात, केरेतारो आणि ग्वानाह्वातो राज्यांत आहेत. सिलाओला जनरल मोटर्स, सेलायाला होंडा, सालामांकाला माझदा, आणि त्यांच्या आजूबाजूला पुरवठादारांची दाटी.

बैठकीला गेलात की खोलीतल्या प्रत्येकाशी हात मिळवायचा, निघतानाही. सगळ्यांना मिळून एक नमस्कार तिथे अपुरा वाटतो. बाई गालाला गाल लावून भेटतात, पण पुढाकार त्यांचा असू द्यावा. इंजिनिअरला ‘इन्हेनिएरो’, इतर पदवीधरांना ‘लिसेन्सियादो’ म्हणतात. ईमेलमध्येही पदवी नावाआधी येते. आडनावं दोन असतात, आधी वडिलांचं, मग आईचं, आणि हाक मारताना पहिलं घ्यायचं. आपल्या नावात मध्ये वडिलांचं नाव असतं; तेच आडनाव समजलं जाऊ नये म्हणून आमच्या कार्डावर आता मधलं नाव छापत नाही.

खरी बैठक जेवणाच्या टेबलावर होते. दुपारची ‘कोमिदा’ दोनच्या पुढे सुरू होते आणि चारपर्यंत सहज चालते. मुलं काय शिकतात, आईची तब्येत कशी आहे, कोल्हापूर मुंबईपासून किती लांब, हे आधी. यजमान काढेपर्यंत दराचा विषय आपण काढू नये, आणि घड्याळ बघून तर मुळीच उठू नये. बोलावणारा बिल देतो. पुढच्या वेळी आपण बोलवावं. शेजारच्या टेबलावरून जाताना अनोळखी माणसंही ‘प्रोवेचो’ (सावकाश जेवा) म्हणतात, आपणही म्हणावं. शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा, कारण घेवड्याच्या साध्या पदार्थातही बऱ्याचदा डुकराची चरबी असते. निवडुंगाच्या पानांचे ‘नोपालेस’ मात्र आवर्जून खा.

10 मे हा तिथला मातृदिन, वार कुठलाही असो. दुपारनंतर ऑफिसं ओस पडतात, लोक आईला जेवायला नेतात. ही रीत मला फार आवडते. त्या दिवशी आम्ही कामाचा कॉल ठेवत नाही. 12 डिसेंबरला ग्वादालुपेच्या मातेचा, म्हणजे मेरीमातेचा सण. पुष्कळ कारखान्यांत तिचं देवघर असतं, तिथे फुलं वाहतात, प्रार्थना होते. आमच्याकडच्या खंडेनवमीच्या यंत्रपूजेचे फोटो मी तिथल्या एका खरेदी व्यवस्थापकांना दाखवले, तेव्हा त्यांनी लगेच आपल्या कारखान्यातल्या देवघराचे फोटो काढून दाखवले. आता दर वर्षी ते आमच्या पूजेचे फोटो मागून घेतात.

ग्वादालुपेच्या सणापासून 6 जानेवारीच्या तीन राजांच्या दिवसापर्यंत (बाळ येशूला भेटायला आलेल्या राजांचा सण) मंजुऱ्या आणि पेमेंट रेंगाळतात. म्हणून न्हावा-शेवाहून आमचे कंटेनर अशा बेताने सुटतात, की मेक्सिकोच्या मान्सानियो बंदरात नोव्हेंबरअखेर उतरावेत. आता केरेतारोत छोटं गोदाम घ्यायचं ठरलं आहे. जागा बघणं चालू आहे, आणि तिथे बसायला कोल्हापूरचीच दोन मुलं सध्या स्पॅनिश शिकत आहेत.