सार्नोची वारी आणि सोडतीतलं इंजिन

रोटॅक्स मॅक्स चॅलेंज या कार्टच्या (छोट्या उघड्या शर्यतीच्या गाड्यांच्या) मालिकेच्या ग्रँड फायनल्सला, म्हणजे जागतिक अंतिम फेरीला, जाणार असाल तर फायनलच्या दिवसापुरतं जाऊ नका. आठवड्याच्या सुरुवातीला, साहित्यवाटप चालू असतानाच पोचा. मी आणि ज्युनियर वर्गात कार्ट चालवणारा माझा भाचा ऑक्टोबर २०२४ मध्ये इटलीतल्या सार्नोला नुसते प्रेक्षक म्हणून गेलो होतो. खरं शिक्षण झालं ते शर्यतींच्या आधीच.

आपल्याकडे मेको मोटरस्पोर्ट्स बंगळुरूला जी मालिका घेते, तिचंच हे जागतिक टोक. रोटॅक्स ही ऑस्ट्रियातल्या गुन्सकिर्शनची इंजिन बनवणारी कंपनी. हलक्या विमानांची इंजिनंही तीच बनवते. १९९७ साली तिने कार्टसाठी १२५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन आणलं आणि २००० मध्ये त्या इंजिनाभोवती शर्यतींची मालिका उभी केली. पहिली ग्रँड फायनल त्याच वर्षी पोर्टो रिकोत झाली. देशोदेशींच्या मालिकांमधल्या विजेत्यांना इथलं ‘तिकीट’ मिळतं. तिकीट म्हणजे प्रवेश. आणि इथे आल्यावर कार्ट, इंजिन, टायर, इंधन सगळं आयोजकांकडून मिळतं. घरून आणायचं ते हेल्मेट, सूट, मेकॅनिक आणि सेटअपची, म्हणजे कार्टच्या जुळवणीच्या नोंदींची वही.

इंजिन तर चक्क सोडतीत मिळतं. तुमच्या वाट्याला कुठलं येणार हे ना तुमच्या हातात, ना तुमच्या टीमच्या. वर्षभर ‘अमक्याचं इंजिन खास बनवून घेतलंय’ असली कुजबुज ऐकलेल्या पोरासाठी हे दृश्य फार मोलाचं आहे. भाचा बराच वेळ गप्प उभा होता, मग म्हणाला, “मामा, म्हणजे इथे हरलो तर सांगायला काहीच नाही.” मी म्हटलं, “जिंकलास तरी इंजिनाला श्रेय देता येणार नाही.”

एरवीच्या मोसमातही या मालिकेचा गाभा म्हणजे सील. इंजिन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच उघडता येतं. पुन्हा सील लावून त्याची नोंद इंजिनाच्या पुस्तिकेत होते. साधारण ५० तास चालल्यावर मोठी दुरुस्ती करावी, असा दंडक आहे. शर्यतीच्या इंजिनाला ५० तास म्हणजे ऐषच. निव्वळ शर्यतीसाठी घडवलेली काही इंजिनं याच्या कितीतरी आधी उघडावी लागतात. ज्युनियर मॅक्सला २३ अश्वशक्ती, सीनियरला ३०, पण मूळ इंजिन तेच. सीनियरच्या एक्झॉस्टला व्हॉल्व्ह असतो, ज्युनियरच्या नसतो. त्यामुळे मुलगा मोठा होतो तशी इंजिनाची अख्खी खरेदी नव्याने करावी लागत नाही. सर्वांत वरच्या डीडी२ वर्गात मात्र ३४ अश्वशक्ती आणि दोन गिअर असतात, स्टीअरिंगमागच्या पात्यांनी बदलायचे.

मग फरक पडतो कुठे? टायरमधली हवा, मागच्या चाकांमधलं अंतर, सीटची जागा, स्प्रॉकेटचे (साखळीच्या चाकाचे) दात, कार्ब्युरेटरमधला इंधनाचं प्रमाण ठरवणारा जेट. सार्नो व्हेसुव्हियसच्या पायथ्याच्या पट्ट्यात आहे. ऑक्टोबरात सकाळी हवा गार आणि ओलसर असते, दुपारी ऊन चांगलं तापतं, आणि मध्येच पाऊस येऊन सगळ्यांची गणितं विस्कटतात. आम्ही पॅडॉकमध्ये, म्हणजे टीम जिथे कार्ट तयार करतात त्या आवारात, जेटवरून चाललेले वाद ऐकत फिरलो. भाषा कळत नव्हती, पण काळी पडलेली स्पार्क प्लगची टोकं बघून मुद्दा कळत होता. मुलगा कार्ट चालवत असेल तर त्याला ग्रँडस्टँडवर बसवून ठेवू नका, इथे फिरवा. चांगली मुलं ट्रॅकवरून परतल्यावर मेकॅनिकला काय सांगतात ते बघा: कुठल्या वळणावर, आत शिरताना की बाहेर पडताना, पुढून घसरतं की मागून. ‘गाडी चालत नाहीये’ एवढ्यावर कोणी थांबत नाही. हेल्मेट काढताच वडिलांच्या फोनमध्ये तोंड घालणारी मुलंही दिसली. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

ट्रॅक दीड किलोमीटरच्या थोडा वर आहे आणि मुख्य सरळ पट्टा लांबलचक. त्या पट्ट्याच्या शेवटी, ब्रेक लागतात तिथे जागा धरा. सारखीच इंजिनं असल्यामुळे एकटा कोणी सुटून पुढे जात नाही. झुंडच्या झुंड येते आणि पुढे जायचं ते ब्रेकवर किंवा पुढच्याच्या आडोशाने. शर्यत संपली की लगेच टाळ्या वाजवू नका. पुढचा बंपर क्लिपांवर बसवलेला असतो. कोणाला मागून ठोकर दिली की तो बंपर आत ढकलला जातो आणि निकालात पाच सेकंदांची शिक्षा जोडली जाते. त्यानंतर काटा: चालक आणि कार्ट यांचं एकत्र वजन किमान मर्यादेच्या खाली भरलं तर सगळं पाण्यात. हडकुळी मुलं म्हणूनच सीटला शिसं लावून फिरतात. पोडियमवर कोण जाणार हे कित्येकदा ट्रॅकच्या बाहेरच ठरतं.

पोचण्याबद्दल. नेपल्सच्या विमानतळावरून अलिबस ही बस मुख्य रेल्वे स्थानकापर्यंत जाते. त्या स्थानकाच्या खाली गॅरिबाल्दी स्थानक आहे, तिथून चिरकुमव्हेसुव्हियाना ही उपनगरी रेल्वे ओत्ताव्हियानोमार्गे सार्नोला जाते. मुंबई लोकलची सवय असलेल्याला तिचं काही वाटणार नाही, पण संप होतात, आणि ते आधी जाहीर झालेले असतात. निघण्यापूर्वी ‘शोपेरो’ (संप) हा शब्द टाकून बातम्या बघा. सर्किट गावाबाहेर, पाल्मा काम्पानियाच्या बाजूला आहे. स्थानकावरून टॅक्सी लागतेच. तिघे-चौघे असाल तर सरळ गाडी भाड्याने घ्या. त्यासाठी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्यावा लागतो. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी ‘झेडटीएल’ची (बाहेरच्या गाड्यांना मज्जाव असलेल्या भागाची) पाटी दिसली की आत शिरू नका, कॅमेरा फोटो काढतो आणि दंड भाड्याच्या गाडीवरून थेट तुमच्यापर्यंत येतो.

मुक्काम नेपल्समध्ये न करता नोला किंवा सार्नोच्या आसपास करा. सकाळचे सराव लवकर सुरू होतात. शाकाहारी लोकांची आबाळ होत नाही, उलट चंगळ आहे: सान मार्झानो टोमॅटो याच सार्नो-नोचेराच्या सपाटीवरचा, त्यामुळे साधा मार्गेरिता पिझ्झासुद्धा वेगळा लागतो. फक्त रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मागायला जाऊ नका. कानात घालायला बोळे न्या. मिनिटाला चौदा हजार फेऱ्यांच्या आसपास किंचाळणारी ३० - ३५ इंजिनं दिवसभर ऐकली की रात्री झोपेतही ऐकू येतात. पाँपेई जवळच आहे. पावसामुळे कार्यक्रम लांबला तर तिकडे चक्कर होते.

आता खर्चाबद्दल माझं मत. कंपनी हे पुण्यकर्म म्हणून करत नाही. तिला इंजिनं, टायर, तेल विकायचं आहे, आणि समान इंजिनांची मालिका हा ते विकण्याचा प्रामाणिक मार्ग आहे. पण सोडतीची समानता त्या आठवड्यापुरतीच. तिकीट मिळवेपर्यंत वर्षभर सरावाचे दिवस, टायर, चासी (कार्टचा सांगाडा) आणि प्रवास यांवर पैसा जातो, आणि ज्याच्याकडे तो जास्त त्याचा सराव जास्त. फोर्स इंडिया या फॉर्म्युला वन टीमने २०११ मध्ये देशभर निवड घेऊन अर्जुन मैनी, जेहान दारूवाला आणि तरुण रेड्डी या तिघांना पुढे आणलं, तसं अधूनमधून घडतं. त्यावर विसंबून कोणी मोसम आखू नये. आपल्या पोराला इंजिनावर खर्च करण्यापेक्षा ट्रॅकवर जास्त तास द्या, असं मी आता विचारणाऱ्याला सांगतो. सीलबंद इंजिनात तसंही फार काही करता येत नाही.

व्हिसाचं काम मात्र आधीच काढा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. जून २०२४ पासून प्रौढांची फी ९० युरो झाली आहे, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मी. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. मुलगा आईवडिलांसोबत नसेल तर दोघांचंही नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं. आमच्या फायलीतला सर्वांत जास्त वेळ त्यानेच खाल्ला. आणि मुलगा शर्यतीत उतरण्याची शक्यता असेल तर राष्ट्रीय मोसमाच्या शेवटच्या फेरीची वाट न बघता कागदपत्रं तयार ठेवा. यजमान देश दर वेळी तोच नसतो, २०२१ आणि २०२३ ला बहारीन होता. म्हणून कुठल्या दूतावासात जायचं हे त्या वर्षीचं ठिकाण जाहीर झालं की लगेच बघून घ्या.